काड्यापेटीतला मृगकिडा

आमच्या गावी मृग निघाला की घरात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. आजोबा पडवीतून तिफण बाहेर काढायचे आणि आम्ही पोरं रिकाम्या काड्यापेट्या शोधायला लागायचो. पहिला दमदार पाऊस पडून उघडीप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या कडेनं, ओल्या मातीवर, लालभडक मखमलीचे ठिपके चालताना दिसायचे. मृगाचे किडे. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प बसायचे. जरा दम धरला की पुन्हा संथपणे वाटेला लागायचे. काड्यापेटीत हिरव्या गवताची दोन पाती अंथरायची, वर किडा ठेवायचा, पेटीला टाचणीनं भोकं पाडायची आणि दप्तरातून शाळेत न्यायची. ज्याचा किडा मोठा, त्याचा त्या दिवशी वर्गात मान.

संध्याकाळी आजी विचारायची, “सोडलास का रं त्येला? पावसाचा पाव्हणा हाय त्यो, कोंडून ठिवू नगंस.” मग दिवेलागणीच्या आत बांधावर जाऊन, जिथून उचलला तिथंच तो ठेवून यायचा. आजीचा हा एवढा एक नियम होता आणि तो मोडायची आमची कुणाची हिंमत नव्हती.

पुष्कळ वर्षांनी एका जूनमध्ये मी तोच किडा भिंगाखाली धरला आणि पाय मोजले. आठ भरले. कीटकाला सहा पाय असतात, म्हणजे मृगाचा किडा हा कीटक नाहीच. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीखाली काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. आम्ही मायेनं अंथरलेलं गवत त्याच्या काहीच उपयोगाचं नव्हतं, कारण तो मांसाहारी आहे. मातीतले बारीक जीव आणि त्यांची अंडी हे त्याचं अन्न. सबंध दिवस तो आमच्या दप्तरात उपाशी राहत होता. संध्याकाळी तो जगायचा तो आजीच्या नियमामुळे.

या पुस्तकाचं मूळ त्या काड्यापेटीत आहे. कोळी, विंचू, गोम, पैसा, सुरवंट, काडीकिडा अशा जिवांविषयी माया वाटणं आणि त्यांच्याविषयी माहिती असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकत्र आल्याशिवाय या जिवांचं भलं होत नाही. आमच्याकडे माया होती, माहिती नव्हती. आज अनेकांकडे मोबाइलवर हवी तेवढी माहिती आहे, पण भिंतीवर कोळी दिसला की हात चपलेकडे जातो. पुढल्या प्रकरणांत या दोन्हींची गाठ घालून द्यायचा माझा प्रयत्न आहे.

ज्यांना शास्त्रज्ञ संधिपाद म्हणतात, म्हणजे ज्यांचे पाय सांध्यासांध्यांचे आणि ज्यांचा सांगाडा अंगाबाहेर, कवचासारखा असतो, ते हे प्राणी. खेकडा आणि कोळंबी त्यांतलीच, फुलपाखरू आणि मुंगीही त्यांतलीच. आजवर माणसानं नाव दिलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त जाती या एका गटात मोडतात. एकट्या कोळ्यांच्या नोंद झालेल्या जातींनी २०२२ साली पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. पृथ्वीवरचा प्राणी डोळ्यांपुढं आणा म्हटलं की आपण वाघ-हत्ती आणतो. मोजदाद केली तर पहिला हक्क यांचा आहे.

आपल्या भाषेनं मात्र त्यांना फार पूर्वीच ओळखलं होतं. समुद्रावर जाळं टाकणारा तो कोळी आणि घराच्या कोपऱ्यात जाळं टाकणाराही कोळीच. दोघांचं नाव एक आणि धंदाही एकच. अंगाची गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहणाऱ्या बहुपायी जिवाला आपण पैसा म्हणतो. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्यानं केली, त्यानं विंचवी नक्की जवळून पाहिली होती. विंचू अंडी घालत नाही. त्याची पिल्लं जिवंत जन्मतात, जन्मल्याबरोबर आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथंच राहतात. पांढरी, मऊ, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके असलेली वीस-पंचवीस पिल्लं अंगावर घेऊन दगडाखाली बसलेली आई एकदा पाहिली की ती म्हण ऐकू येण्याऐवजी दिसायला लागते. पिल्लं आईला पोखरून खातात असं गावाकडे सांगतात. विंचवाच्या बाबतीत ते खरं नाही.

आणखी मागं जायचं तर मुंडकोपनिषदात सृष्टी कशी निर्माण होते हे सांगताना ऊर्णनाभाचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त येतो. तो आपल्यातूनच धागा बाहेर काढतो आणि आपल्यातच परत घेतो. हा दृष्टान्त नुसत्या कल्पनेतून सुचणारा नाही. बागेत चक्राकार जाळं विणणारे कितीतरी कोळी जुनं जाळं खरोखरच गिळून टाकतात आणि त्यातली प्रथिनं वापरून नवं विणतात. त्या ऋषीनं तत्त्वज्ञान सांगण्याआधी कुठल्या तरी झुडपापाशी उकिडवं बसून हे पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

मग एवढी जुनी ओळख असताना भीती कुठून आली? बरीचशी चुकीच्या आरोपांतून आली. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लाल चट्टा, त्यावर पाणी भरलेले फोड आणि आग आग. घरातलं मोठं माणूस लगेच म्हणतं, कोळी मुतला. कोळी असं काही करत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, मुंगीसारखा दिसणारा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा एक छोटा भुंगेरा असतो. तो झोपेत अंगाखाली चिरडला की त्याच्या शरीरातला दाहक रस कातडीला लागतो आणि असे चट्टे उठतात. कधी तो फोडांचा पट्टा म्हणजे नागीण असते, आणि नागीण हा विषाणूचा आजार आहे. कोळ्याचा दोष दोन्हींत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या शिक्षा त्यालाच झाली. माझी या पुस्तकाकडून दुसरी कुठलीही अपेक्षा पुरी झाली नाही तरी चालेल. एवढा एक आळ कोळ्यावरून उतरावा.

आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यात एक मादी राहायची. तपकिरी, चपटी, पाय पसरले की तळहाताएवढी. हंट्समन म्हणतात तो हा कोळी. जहाजांतल्या मालाबरोबर तो जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचला आणि आपल्याकडे कौलारू घरापासून दहाव्या मजल्यावरच्या सदनिकेपर्यंत सगळीकडे आहे. हा जाळं विणत नाही. दिवसा ट्यूबलाइटच्या पट्टीमागं किंवा दाराच्या चौकटीच्या फटीत अंग चोरून बसतो आणि रात्री झुरळांच्या मागं निघतो. त्याची चाल इतकी वेगवान आणि आडवी असते की पाहणारा दचकतोच. माझी पत्नी सुरुवातीला म्हणाली होती, “अहो, ती तरी राहील नाहीतर मी तरी!” मग एके दिवशी तिनंच मला हाक मारून बोलावलं. मादीनं पोटाखाली एक पांढरी, चपटी, गोल चकती धरली होती, जुन्या रुपयाएवढी. अंड्यांची पिशवी. पुढले काही आठवडे ती पिशवी घेऊनच फिरत होती, एकदाही खाली ठेवली नाही. आमच्या घरात तेव्हा सातवा महिना चालला होता. त्या दिवसापासून झरोक्याकडे पाणी उडू नये म्हणून पत्नी बादली दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायला लागली. पुढं पिल्लं फुटली, भिंतीभर राईच्या दाण्यांसारखी पांगली आणि चार दिवसांत खिडकीतून, फटींतून कुठं कुठं निघून गेली. त्या वर्षी ओट्याखाली झुरळांचं औषध मारावं लागलं नाही. त्याचं सगळं श्रेय तिलाच द्यावं असं म्हणत नाही, पण मोठा वाटा तिचा होता हे आम्ही रात्री पाहत होतो.

छताच्या कोपऱ्यात जे लांब, केसासारख्या पायांचे कोळी उलटे लटकलेले असतात, ज्यांची जळमटं आपण दिवाळीत काढतो, त्यांचीही अशीच गोष्ट आहे. जाळ्याला हात लागला की तो सबंध कोळी गरगरा हलायला लागतो, इतका की दिसेनासा होतो. शत्रूला नेम धरता येऊ नये यासाठी ही युक्ती. त्याची मादी अंड्यांचा पुंजका धाग्यानं बांधून तोंडात धरते आणि पिल्लं निघेपर्यंत तसाच धरून बसते. केरसुणी उचलण्याआधी टॉर्च मारून एकदा पाहा, तो मोत्यांचा पुंजका स्पष्ट दिसतो. त्याच्या जाळ्यात डास अडकतात हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, खाली पडलेली कलेवरं पाहिली की पुरे.

पण कोळ्यांशी मैत्री करायचीच असेल तर सुरुवात उडी मारणाऱ्या कोळ्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर, कुंडीच्या काठावर नखाएवढा, केसाळ, चौकोनी डोक्याचा जो कोळी चालता चालता थांबतो आणि वळून आपल्याकडे पाहतो, तो हा. ‘पाहतो’ हा शब्द मी जपून वापरलेला आहे. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे दुर्बिणीसारखे लांबट असतात आणि त्यांचा आतला पडदा हलतो. डोकं न वळवताही तो नजर फिरवू शकतो. बाकीचे सहा डोळे चहूबाजूंची हालचाल टिपतात. मोबाइलच्या पडद्यावर छोटा ठिपका सरकवला की तो मांजरासारखा त्याच्यावर झडप घालतो. उडीआधी तो पाठीमागं धागा चिकटवतो, नेम चुकला तर लोंबकळून वर येता यावं म्हणून. उडीसाठी लागणारा जोर स्नायूंपेक्षा जास्त शरीरातल्या द्रवाच्या दाबातून येतो. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय दुमडणारे स्नायू आहेत, ताठ करणारे नाहीत. पाय ताठ होतात ते द्रव आत ढकलला जातो म्हणून. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी आखडलेले का दिसतात, याचं उत्तर यातच आहे.

याच कुळातला एक छोटा कोळी ठाणे परिसरात सापडला आणि २०२१ साली त्याला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक नुसत्या हातांनी धरून ठेवणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. मला या नावाचं फार अप्रूप वाटतं. पुतळा एका जागी उभा असतो. हा कोळी उपनगरांच्या आसपासच्या झाडोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या ते नाव घेऊन राहील. राहू दिला तर.

घराबाहेर, दख्खनच्या माळावर, बाभळीच्या किंवा काटेरी कुंपणाच्या फांद्यांत कधी कधी मळक्या कापसाचा गोळा अडकल्यासारखा दिसतो. त्यात वाळकी पानं, भुंग्यांची कवचं, टोळांचे पाय गुंतलेले असतात. वाटसरू कचरा समजून पुढं जातो. ते सामाजिक कोळ्यांचं गाव असतं, शेकड्यांच्या वस्तीचं. बहुतेक कोळी एकमेकांना खातात. हे एकत्र शिकार करतात आणि एकत्र जेवतात. सावजाची धडपड मोठी असेल तर जास्त जण धावतात. आणि यांच्या माद्यांची कथा ऐकून माझ्या एका मित्राचे डोळे भरून आले होते. पिल्लं फुटली की आई पोटातला पातळ रस तोंडावाटे त्यांना पाजते. पाजता पाजता तिचं स्वतःचं शरीर आतून विरघळत जातं, आणि शेवटी पिल्लं तिलाच खाऊन मोठी होतात. विंचवावर जो आळ घेतला जातो ते इथं खरोखर घडतं, आणि ते आईच्या संमतीनं घडल्यासारखं दिसतं. ती पळून जात नाही. रस्ता रुंदीकरणात, कुंपणं जाळताना अशी गावंच्या गावं जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. भातखाचरात पाण्यावरून धावणारे राखाडी लांडगे-कोळी तुडतुड्यांचे मोठे शत्रू आहेत. आशियाच्या भातपट्ट्यात सरसकट फवारणी झाली तिथं आधी कोळी मेले आणि मग तुडतुडे पूर्वीपेक्षा जोमानं उसळले. रात्री खाचराच्या कडेला कपाळाशी टॉर्च धरून उभं राहा. निळसर-हिरवे असंख्य ठिपके चमकताना दिसतील. ते दवबिंदू नाहीत, या कोळ्यांचे डोळे आहेत.

आता पाळण्याच्या विषयाकडे वळतो, कारण बरेच वाचक हे पुस्तक त्यासाठीच हातात घेतील. युरोप-अमेरिकेत टॅरँटुला पाळण्याचा छंद काही दशकांपासून रुजलेला आहे. मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा टॅरँटुला शांत, देखणा आणि दीर्घायुषी म्हणून इतका लोकप्रिय झाला की जंगलातून त्याची अतोनात उचल झाली आणि १९८५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालावी लागली. मादी वीस-वीस वर्षं जगते, पण वयात यायलाच तिला बरीच वर्षं लागतात. बिळातून एक मादी काढली की कितीतरी पुढल्या पिढ्या गेल्या.

आपल्याकडची गोष्ट याहून नाजूक आहे. १८९९ साली रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञानं एका निळ्या टॅरँटुलाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा नमुना मिळाला होता गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत. मराठी वाचकाला गुत्ती हे नाव परकं नाही, मुरारराव घोरपड्यांचा किल्ला तो हाच. लाकडाबरोबर कुठून तरी आलेला तो कोळी त्यानंतर शंभर वर्षं कुणाला सापडला नाही. २००१ साली पूर्व घाटातल्या नंद्याळ आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा दिसला. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो निळा दिसतो, मोरपिसासारखा. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे, आणि तरीही परदेशांतल्या छंदिष्टांच्या काचेच्या पेट्यांत तो सर्रास दिसतो. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलींत राहणारे त्याचे भाऊबंद आहेत. ढोलीच्या तोंडाशी रात्री पुढचे पाय टेकवून बसलेला तो कोळी मी एकदाच पाहिला, आंबोलीकडच्या पावसात. पिवळ्या पट्ट्यांचे ते पाय टॉर्चच्या उजेडात क्षणभर दिसले आणि आत गेले. या सबंध गोतावळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून बंधनं आहेत.

म्हणून स्पष्ट सांगतो. भारतातल्या जंगलातला टॅरँटुला घरात आणू नका, विकत घेऊ नका, कुणी भेट दिला तरी घेऊ नका. हे मी केवळ कायद्याच्या धाकानं म्हणत नाही. आपले टॅरँटुला अमेरिकेतल्यांपेक्षा चपळ असतात आणि त्यांचा दंश कितीतरी जास्त दुखतो. स्नायूंत पेटके येतात आणि ते दिवसेंदिवस राहतात. हातावर घेऊन फोटो काढण्यात कोळ्याला तर काहीच सुख नाही. टॅरँटुला हातभर उंचीवरून पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणी पिंजऱ्यातच जन्मलेला टॅरँटुला कायदेशीर मार्गानं घेतलाच असेल, तर त्यानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. एके दिवशी कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसेल, पाय वर, हालचाल बंद. तो मेलेला नाही. तो कात टाकतो आहे. कित्येकांनी अशा वेळी हळहळत पेटी रिकामी केली आहे. त्याला हात लावू नये, पेटीत खाऊ म्हणून सोडलेला रातकिडा असेल तर तो काढून घ्यावा, कारण नव्या कवचाच्या मऊ कोळ्याला रातकिडासुद्धा चावून जायबंदी करू शकतो. पाण्याची वाटी भरून ठेवावी आणि थांबावं. काही तासांनी तो आपल्या जुन्या अंगातून बाहेर येतो, पाय, दात, जठराचं अस्तर सगळं नवं घेऊन. आधीच्या अपघातात तुटलेला पायसुद्धा कधी कधी नव्यानं फुटलेला असतो.

थांबणं हीच या छंदातली मुख्य गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेनं १९७४ पासून जमिनीत झाकणाची बिळं करून राहणाऱ्या कोळ्यांवर नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यांतली सोळा क्रमांकाची मादी त्याच एका बिळात ४३ वर्षं राहिली. ती म्हातारपणानं गेली नाही. २०१६ साली तिच्या बिळाच्या झाकणाला एका परजीवी गांधीलमाशीनं भोक पाडल्याचं दिसलं. एवढ्या काळात त्या बाईंनी तिला उचलून घरी नेलं नाही. दरवर्षी तिच्या दारापाशी जाऊन ती आहे का एवढं त्या पाहत राहिल्या. कोळी पाळण्याचं याहून थोर उदाहरण मला माहीत नाही.

विंचवाबद्दल मात्र मायेच्या भरात कुणी धोका पत्करू नये. कोकणातला लाल विंचू जीव घेऊ शकतो, विशेषतः लहान मुलाचा. एकेकाळी त्याच्या दंशानं गंभीर झालेल्या शंभरांतले चाळीसच्या आसपास दगावत. महाडजवळच्या बिरवाडीत काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री रात्री बसून, विष हृदयावर नेमकं काय करतं ते टिपलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरलं. मृत्यूंचं ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. ज्याला विंचू आवडतो त्यानं बावस्करांचं काम आधी वाचावं. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठावा. आणि विंचू पाहायचाच असेल तर नोटा तपासायचा जांभळा दिवा घेऊन, पायात बूट घालून, अंधाऱ्या रात्री माळावर जावं. त्या दिव्यात विंचवाचं सबंध अंग हिरवट-निळ्या तेजानं उजळतं. दोन हात लांबून ते पाहावं आणि परत यावं. पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात काम केलेले टिकादर आणि बस्तावडे यांनी १९८३ साली भारतातल्या विंचवांचा जो खंड लिहिला, तो या विषयातल्या प्रत्येकाचा आजही आधार आहे, आणि तो आपल्या अंगणात सिद्ध झाला याचा मला अभिमान आहे.

घरात खरोखर काही पाळायचं असेल, विशेषतः मुलांसाठी, तर माझा सल्ला सुरवंटाचा. कुंडीत लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप लावा. बहुतेक वेळा काही महिन्यांत फुलपाखरू स्वतःहून अंडं घालून जातं. पहिले काही दिवस सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणजे पक्षी त्याच्या वाट्याला जात नाहीत. मग कात टाकून हिरवा होतो. त्याला डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेली शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच नीलवंत वाढतो, २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला. कोष फोडून बाहेर आलेलं, ओल्या चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू आपल्याच खिडकीत पंख सुकवत बसलेलं ज्या मुलानं पाहिलं, त्याला कोळ्याचीही भीती फार काळ राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक शेवटचं निरीक्षण सांगून तुम्हाला पुस्तकाकडे जाऊ देतो. मागच्या हिवाळ्यात वीजमीटरच्या पेटीमागं कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर रंगाऱ्याच्या खरवडणीत फुटलं. आतल्या एका खोलीत नऊ कोळी निघाले, एकावर एक नीट रचलेले. मेलेले नव्हते. काडीनं स्पर्श केला की एकेकाचा पाय मंदपणे हलायचा. माशीनं त्यांना नांगीनं बधिर करून आपल्या अळीसाठी ताजा शिधा भरून ठेवला होता. नऊपैकी चार वेगवेगळ्या जातींचे होते आणि त्यांतले दोन मी त्या घरात वीस वर्षांत कधी पाहिले नव्हते. ते सगळे आमच्याच भिंतींवर, आमच्याच बागेत राहणारे होते. माशीला ते ठाऊक होते, मला नव्हते.

ही पानं लिहिताना तो खरवडलेला मातीचा तुकडा माझ्या टेबलावर होता. तुमच्याही घरात असे कितीतरी रहिवासी आहेत, आणि ते तुम्ही येण्याआधीपासून असतील. पुढचं पहिलं प्रकरण वाचण्याआधी आज रात्री न्हाणीघरातला दिवा लावून झरोक्यात पाहा. आणि येत्या दिवाळीत जळमटं काढाल तेव्हा एक कोपरा तेवढा राहू द्या.